ग्रामीण रुग्णालयाला माझे साडेतीन तारे, ड्रायव्हरच्या सीटवरून

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला मोबाइलच्या नकाशावर लोकांनी तारे दिले आहेत. एकानं पाच दिले आणि खाली नुसते हात जोडले. दुसऱ्यानं एक दिला आणि लिहिलं, 'सिस्टर लय उद्धट'. तिसऱ्यानं चार देऊन 'पार्किंग नाही' म्हणून तक्रार केली. ज्याच्या घरी पेशंट आहे त्यानं यातून काय समजायचं? म्हणून जरा लांबण लावतो. रुग्णालयाचं नाव टाकत नाही. कौतुकही आहे, कानउघाडणीही आहे, आणि तिथल्या लोकांशी माझी रोजची भेट आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं तीस खाटांचं सरकारी रुग्णालय, एवढ्यावर आमच्याकडचे ओळखतील. बाकीच्यांनी आपल्या तालुक्याचं धरून चालावं, फार फरक पडणार नाही.

माझी बोलेरो आहे. लग्नसराईत वऱ्हाड, बाजाराच्या दिवशी बायामाणसं आणि बाराही महिने पेशंट. 108 ची गाडी 2014 पासून आहे आणि ती चांगलीच आहे. पण ती दुसऱ्या कॉलवर गेली असली, किंवा पांदणीतून थेट वावराच्या धुऱ्यापर्यंत जायचं असलं की फोन मला येतो. त्यामुळं सरकारी, खासगी, तालुक्याचे, जिल्ह्याचे, नागपूरचे असे बरेच दवाखाने मी बाहेरून पाहिलेत. बाहेरून म्हणजे गेटापासून वॉर्डाच्या दारापर्यंत. स्ट्रेचरचं एक टोक पुष्कळदा माझ्याच हातात असतं.

जाताना गाडीत कोणी बोलत नाही. येताना बोलतात. दवाखान्यात डॉक्टरसमोर 'हो जी, हो जी' म्हणणारा माणूस फाटा ओलांडला की मोकळा होतो. आधी येतं ते किती वेळ बसवलं. मग कोण कसं बोललं. मग पैसे किती लागले. मग सलाईन लावली की नाही. उपचार बरोबर झाला का, यावर सहसा कोणी बोलत नाही, कारण ते ठरवायचं कशावरून? ईसीजीच्या कागदावरच्या रेघा आपल्याला सारख्याच दिसतात. मग माणूस जे कळतं त्यावरून ठरवतो: वॉर्डात वास येतो का, 'ए बाई' म्हणून हाक मारली की 'काकू' म्हणून, डॉक्टरनं हात लावून पाह्यलं की टेबलापलीकडूनच चिठ्ठी खरडली. शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्यानं पोटाला हात लावला नाही त्यानं पोटदुखी नीट पाहिली असेल यावर तुमचा तरी विश्वास बसेल का?

माझी स्वतःची एक परीक्षा आहे. परतीच्या वाटेवर मी पेशंटला विचारतो, "काय म्हणे डॉक्टर?"

एक उत्तर असं येतं: "काई नाई म्हणे. दोन सुया टोचल्या न गोया देल्ल्या." दुसरं असं: "रगत कमी हाय म्हणे, सातच भरलं. तीन महिने लोखंडाच्या गोया खा लागते, पण चहासंगं नाही खाच्या. अन् महिन्यानं पुन्हा तपासाले बलावलं." दोघींच्या पिशवीत गोळ्या एकाच प्रकारच्या असू शकतात. पण दुसरीच्या पोटात त्या जातील. पहिलीच्या आठ दिवसांनी खिडकीत पडून राहतील, हे मी लिहून देतो. माझे तारे मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरावर आहेत.

आधी इमारतीचं सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. बाहेरचा रंग नवा आहे. सरकारनं 2015 पासून कायाकल्प म्हणून सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची स्पर्धा सुरू केली आहे. तिचे तपासणीवाले येणार असले की आवार आठवडाभर लख्ख असतं, मग हळूहळू पूर्वपदावर येतं. बाया मात्र रंग पाहत नाहीत. त्या संडास पाहून येतात आणि सोबतच्या बाईला डोळ्यांनीच सांगतात. आमच्या इथं बायकांच्या संडासाला पाणी आहे, कडी मात्र कित्येक दिवस नव्हती. आत एक, बाहेर दार धरून एक, अशी जोडी करून जावं लागे. पोटात सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बाईला दिवसभर थांबायचं असेल तर तिच्या लेखी दवाखान्याची किंमत तिथंच ठरते. आता कडी लागली आहे. सोनोग्राफीच्या मशीनपेक्षा त्या कडीनं जास्त लोक खूश झाले असतील.

मी स्वतः बादल्या पाहतो. पिवळी, लाल, निळी, पांढरी. रक्तानं भरलेला कापूस-पट्टी पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, असा नियम आहे. इंजेक्शन रूमच्या बाहेर उभं राहिलं की दिसतं. पिवळ्या बादलीत केळीची सालं आणि चहाचे कप दिसले तर समजायचं की आतही कोणाचं लक्ष नाही. आमच्या इथं इंजेक्शन रूमच्या बादल्या शिस्तीत असतात. वॉर्डातल्या नसतात. पण त्या भरणारे आपणच, नातेवाईक.

पैशाचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. तपासणी, भरती, औषध सगळं मोफत. तरी गावातला माणूस 'फुकट' हा शब्द ऐकून हसतो. माझं जाऊन-येऊन भाडं सहाशे, पेशंटची त्या दिवसाची मजुरी बुडाली, सोबतच्याची बुडाली, दुपारी दोघांचं जेवण. निंदणाच्या दिवसांत एक दिवस बुडवणं काय असतं ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच 'उद्या या, आज टेक्निशियन नाही' या वाक्याचा राग समजेल. ते वाक्य आमच्या इथं नेहमी नाही, पण ऐकू येतं. आणि 'हे एक औषध बाहेरून घ्या' हेही.

आता सलाईन. आमच्या भागात सलाईन म्हणजे इलाज, बाकी सगळं तोंडी लावायला. स्टँडमागं एक खासगी दवाखाना आहे, तिथं बाकावर बसलेल्या माणसालाही बाटली लागते. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी होते, आणि पिवळीचा मान पांढरीपेक्षा मोठा. ग्रामीण रुग्णालयात एक तरुण मेडिकल ऑफिसर आले आहेत, मराठवाड्याकडचे. त्यांनी एका आजींना सलाईन नाकारली. तापाच्या होत्या, पण खातपीत होत्या, चालत होत्या. नाडी पाहिली, जीभ पाहिली, बोटांनी चिमटा घेऊन कातडी पाहिली आणि मागं दोन डझन माणसं उभी असताना बसून समजावलं. "आजी, या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. साखरेची लावली तर पंचवीस ग्रॅम साखर. तेवढं तुम्ही तोंडानं घेऊ शकता. उलट्या झाल्या, पाणी पोटात टिकलं नाही, तर लगेच या, मी स्वतः लावतो."

आजी गाडीत बसल्या. मी माझा प्रश्न विचारला. "एवढा शिकला म्हणे," आजी म्हणाल्या, "पण सलाईन लावता येत नाही त्याले."

दुसऱ्या दिवशी त्या स्टँडमागं जाऊन पाचशे रुपयांत पिवळी घेऊन आल्या. ताप उतरला, तो तसाही उतरणार होता, आणि श्रेय पिवळीला गेलं. नकाशावर तारे द्यायची सोय आजींच्या मोबाइलात असती तर त्या डॉक्टरला एकच मिळाला असता. माझ्या मते त्या सकाळी त्यांच्याइतकं चांगलं काम तालुक्यात कोणी केलं नसेल. आणि गंमत पाहा, आजींना मिठाचं बरोबर लक्षात होतं. "चमचाभर मीठ म्हणे त्यात," असं त्यांनीच मला रागारागानं सांगितलं. म्हणजे माझ्या परीक्षेत डॉक्टर पास.

पण हे रुग्णालय मला खरं कळलं ते साप चावलेल्या एका बाईमुळं. सोयाबीन सोंगायचे दिवस होते. दुपारी फोन आला. तिशीतली बाई, पेंढी उचलताना घोट्याजवळ चावला होता. दिरानं साप पाहिला होता: जाड, अंगावर साखळीसारखे डाग, कुकरची शिटी वाजावी तसा आवाज. घोणस. पोटरीला कोणीतरी सुतळी करकचून बांधली होती. गावाच्या वेशीवर दोघातिघांनी गाडी अडवून 'आधी मारोतीच्या पारावर न्या' म्हटलं. मी आरसे मिटले आणि गाडी काढली.

रुग्णालयात घेतलं लगेच. केसपेपर नंतर काढा म्हणाले. डॉक्टर येऊन त्यांनी सुतळी आपल्यासमोर हळूहळू सोडवायला लावली, सूज कुठवर आली तिथं पेनानं रेघ मारून वेळ लिहिली. सिस्टरनं कोऱ्या काचेच्या नळीत थोडंसं रक्त घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि घड्याळ पाहिलं. मग पुढची कितीतरी मिनिटं काहीच नाही. म्हणजे आम्हाला दिसण्यासारखं काही नाही. एक सुई लावून ठेवली, बीपी पाहिलं, आणि ती नळी तशीच उभी.

दीर पेटला. "वयनी मरून रायली न तुमी घड्याळ पाहून रायले! लस हाय का नाही तुमच्यापाशी?"

त्या सिस्टर आमच्याच भागातल्या आहेत. आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, लस हाय, फ्रिजमंदी दहा बाटल्या काढून ठेवल्या. या नळीतलं रगत वीस मिनिटांत गोठते का नाही ते पाहून रायलो. घोणस असन तर गोठत नाही. नाही गोठलं त एक मिनिट थांबत नाही. गोठलं त लस उगाच कायले द्याची? तिचंही रिअॅक्शन येते, त्यातही माणूस जाऊ शकते. तुमी इथंच बसा, तुमच्यासमोर नळी वाकडी करतो."

वीस मिनिटांनी खरंच त्याच्यासमोर नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं पलीकडं गेलं. दिराचा आवाज बंद. दहा व्हायल सुरू झाल्या, उशाशी रिअॅक्शनचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. डॉक्टरनं दिराला आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं: सहा तासांनी पुन्हा नळी करणार, तोवर लघवी मोजायची, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त आलं तर हाक मारायची, आणि लघवी बंद होत आली तर मूत्रपिंडाचं मशीन आपल्याकडं नाही, मग जिल्ह्याला पाठवावं लागेल, त्यासाठी गाडी सांगून ठेवतो. सगळं पाच मिनिटांत. पण त्या पाच मिनिटांनंतर ती रात्र त्या घरच्यांसाठी वेगळी झाली. वाट कशाची पाहायची आहे ते त्यांना माहीत होतं. नवरा लघवीच्या पिशवीवरचे आकडे वहीत लिहीत बसला. रात्री सहा तास होत आले तशी दिरानं सिस्टरला आठवण द्यायला धाव घेतली, तर त्या नळी हातात घेऊनच येत होत्या.

या वेळी नळी तिरपी केली तर रक्त जागचं हललं नाही.

ती बाई चालत घरी आली. सोडताना सांगितलेलं तिनं मला पाठ म्हणून दाखवलं: लघवी कमी झाली, तोंड सुजलं, तर त्याच दिवशी यायचं. दीर आता गावात कोणाला जनावर चावलं की पहिला प्रश्न विचारतो, "नळी केली का?"

असंच फवारणीचं. 2017 साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जी माणसं गेली त्यानंतर इथल्या प्रत्येक घराला तो धसका आहे. असा पेशंट नेला की हे लोक आधी अंगावरचे कपडे काढतात आणि साबण लावून धुतात. नातेवाईक ओरडतात, "आंघोळ काय घालून रायले, इलाज करा!" पण विष कातडीतून आत जातच असतं, कपडे अंगावर राहिले तर इंजेक्शन किती द्यायचं? जे दुर्लक्ष दिसतं तोच इलाज असतो, असं मी त्या गेटात एकाहून जास्त वेळा पाहिलं. म्हणून तोंडानं सांगणारा माणूस तिथं पाहिजे. न सांगता केलं तर तीच आंघोळ उद्या वर्तमानपत्रात 'रुग्णालयाचा हलगर्जीपणा' म्हणून छापून येते.

बीपी-शुगरच्या खिडकीचंही कौतुक करायचं आहे. तिथल्या ताईंनी म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेननं सूर्य आणि चंद्र काढायला सुरुवात केली. सूर्याची सकाळी, चंद्राची रात्री. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चुकायला जागा नाही. शिवाय सांगतात, "बरं वाटलं म्हणून बंद नाही कराची. पाय सुजले त सांगजा, बदलून देतो." आमच्या गावातले एक काकाजी आधी बीपीच्या गोळ्या पोळ्यापर्यंत खायचे आणि मग सोडून द्यायचे, कारण आयुष्यभर खायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता चंद्र-सूर्याचं पाकीट बंडीच्या खिशात घेऊन फिरतात आणि विचारलं नाही तरी दाखवतात.

मग दीड तारा कुठं गेला?

त्यातला एक एका बाळंतपणात गेला. संध्याकाळी नेलेली पोर, पहिलटकरीण. आम्ही विचारलं की "पाहू", पुन्हा विचारलं की "पाहून रायलो ना". त्या रात्री ड्यूटीवर दुसरे लोक होते. मध्यरात्रीनंतर एकदम "जिल्ह्याला न्या, इथं सिझर होत नाही". सिझर होत नाही हे संध्याकाळी सहा वाजता ठाऊक नव्हतं का? भूल देणारे डॉक्टर नाहीत, जागा रिकामी आहे, हा त्या डॉक्टरचा दोष नाही, मला मान्य. पण आम्ही आलो तेव्हाच 'नऊपर्यंत वाट पाहू, नाही झालं तर पाठवू, गाडी तयार ठेवा' असं म्हटलं असतं तर? रेफरच्या चिठ्ठीवर दोन ओळी, त्याही न वाचता येणाऱ्या. पुढं फोन केला नव्हता. जिल्ह्याला पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरनी विचारलं, पाणी किती वाजता गेलं, कोणतं इंजेक्शन दिलं, कधी दिलं. पोरीची आई माझ्याकडं पाहायला लागली आणि मी स्टिअरिंगच्या किल्लीकडं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तारा मात्र गेला.

म्हणजे एकाच इमारतीत दोन दवाखाने आहेत. घोणसवाल्या बाईच्या वेळचा एक आणि या पोरीच्या वेळचा दुसरा. कोणता मिळेल ते ड्यूटीच्या वहीवर आहे. भिंती, खाटा, औषधं तीच. कायाकल्पवाल्यांच्या तपासणीत हा फरक कोणत्या रकान्यात बसतो देव जाणे. उरलेला अर्धा तारा सोनोग्राफीसाठी. मशीन आहे, पाहणारे डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात, आणि तो दिवस बदलला तर फलक बदलत नाही.

खासगीशी तुलना लोक करतातच. तालुक्यात एक मोठं खासगी रुग्णालय आहे. एसी, टीव्ही, खुर्च्या मऊ. तिथं डॉक्टर खांद्यावर हात ठेवून बोलतात आणि लोकांना ते फार आवडतं, मलाही आवडलं. पण बिलाचं आधी विचारलं की "ते पाहू नंतर". महाराष्ट्रात 2021 च्या नियमांप्रमाणं खासगी नर्सिंग होमला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. इथं ती लावली आहे, काउंटरमागं, गणपतीच्या कॅलेंडरखाली. मी कॅलेंडर उचलून वाचलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा माझ्याकडं असा पाहत होता की मी गल्ल्यात हात घातला. तिथून परतताना पेशंटला माझा प्रश्न विचारला तर म्हणे, "लय चांगले डॉक्टर हायेत. काय झालं थे माईत नाही, पण लय चांगले हायेत." बिल चौदा हजार.

म्हाताऱ्या माणसांना अजून सेवाग्रामलाच जायचं असतं. वर्ध्याच्या पुढं, कस्तुरबा रुग्णालय. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथं मेडिकल कॉलेज उभं केलं, देशातलं पहिलं ग्रामीण. एकेकाळी आजूबाजूच्या खेड्यांत ज्वारी देऊन आरोग्य विमा काढायची योजना त्या रुग्णालयानं चालवली होती. सुगीला ज्वारी द्यायची आणि वर्षभर दवाखान्याची सवलत. माझ्या मामाजींना अजून तिचं अप्रूप आहे. ते म्हणतात, जिथं आपली ज्वारी गेली तिथं माणूस मान खाली घालून जात नाही. पैसे मोजून मिळणाऱ्या सेवेत आणि आपल्या ज्वारीच्या दवाखान्यात बोलण्याचा सूर बदलतो, हे खरं असावं.

आणि गडचिरोलीकडं शोधग्राम आहे, डॉ. अभय आणि राणी बंग यांचं. तिथलं रुग्णालय बांधताना त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं होतं की तुम्हाला दवाखाना कसा पाहिजे. मोठ्या इमारतीत भीती वाटते, नातेवाइकांना हाकलतात, हे लोकांचं म्हणणं. म्हणून तिथं गोंडी खेड्यासारख्या झोपड्या आहेत, नातेवाईक पेशंटसोबत राहतात, आणि नाव आहे देवीचं, माँ दंतेश्वरी. आमच्या तालुक्याला तसं कोणी विचारलं तर बाया आधी कडी मागतील, दीर काचेची नळी मागेल आणि आजी पिवळी सलाईन. तिघांचंही ऐकून घ्यावं. द्यायच्या मात्र पहिल्या दोनच.

जाणार असाल तर कामाचं तेवढं सांगतो. बाजाराच्या दिवशी ओपीडीला जाऊ नका, अख्खा तालुका तिथं असतो. सकाळी पहिल्या पंधरा-वीस जणांत नंबर लागला तर डॉक्टर निवांत बोलतात, नंतर त्यांचाही घसा बसतो. जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं, फवारणीचं असेल तर औषधाची बाटली, सगळं एका पिशवीत घालून न्या. साप मारून आणायची गरज नाही, फोटो मिळाला तर ठीक, नाही तर तसेच निघा. पहिलं बाळंतपण असेल तर दारातच विचारा, 'आज रात्री सिझरची सोय आहे का?' उत्तर 'पाहू' आलं तर दुसऱ्यांदा विचारा. भरती झालेल्या पेशंटचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतलाच नियम आहे, तेव्हा रेफर करताना चिठ्ठी वाचता येईल अशी लिहून मागायला लाजू नका. बाळंतिणीला घरी सोडायची गाडी सरकारी आणि फुकट असते, 2011 पासून. यात माझं भाडं बुडतं, तरी सांगतो, मागून घ्या. खासगीत न्यायचंच असेल तर सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, तिथं बसतात का ते आधी पाहा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि त्या चार तारेवाल्याला: पार्किंग आहे, मागच्या बाजूला, शवविच्छेदन खोलीच्या अलीकडं. तिथं कोणी लावत नाही म्हणून जागा असते. गेटासमोर लावू नका, 108 ला वळायला तेवढीच जागा आहे.